नागरी शिशूंचा आहार आणि पोषण : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बालपोषणाविषयीचे लेखन पाहिले असता दोन स्थळांचा उल्लेख त्यात वारंवार आढळतो. एक मेळघाट आणि दुसरे मुंबईतील झोपडपट्टी. १९९० च्या दशकात मेळघाटातील बालमृत्यूंच्या वार्तांनी राज्याचे लक्ष वेधून घेतले. मुंबईतील दाट वस्त्यांचा अभ्यास तर शतकभर चालू आहे. या दोहोंच्या मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील शेकडो लहान नगरे आहेत. तेथील मूल आदिवासी पाड्यावरचे नाही आणि महानगरातीलही नाही. त्या मुलाच्या ताटात काय होते, याची नोंद इतिहासाच्या साधनांत फारच विरळ आहे.

वाशीम जिल्हा हे या विरळ नोंदीचे बोलके उदाहरण होय. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणून या नगराची प्राचीन ओळख आहे. ब्रिटिश अमलात ते वऱ्हाडातील एका जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून त्याचा प्रदेश शेजारच्या जिल्ह्यांत विभागला गेला आणि वाशीम अकोला जिल्ह्याचा भाग बनले. १ जुलै १९९८ रोजी त्याला पुन्हा स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लक्ष असून तीत नागरी लोकसंख्येचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. वाशीम, कारंजा, रिसोड आणि मंगरूळपीर ही येथील प्रमुख नगरे. कापसाच्या व धान्याच्या बाजारपेठा म्हणून ती वाढली आणि आजही त्यांचे जीवन बाजार समितीच्या हंगामाशी बांधलेले आहे.

सहा महिने ते दोन वर्षे या वयातील नागरी बालकाच्या आहाराकडे राज्यसंस्थेने आणि विज्ञानाने कोणत्या काळात कोणत्या दृष्टीने पाहिले, तसेच त्या दृष्टीत वाशीमसारख्या नगरांना कोणते स्थान मिळाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

वऱ्हाडातील नोंदी : मृत्यूचा हिशेब

वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकांना एक अनुकूलता लाभली आहे. या प्रांतातील जन्ममृत्यूची नोंद ब्रिटिश हिंदुस्थानातील अन्य बहुतेक प्रदेशांच्या तुलनेने विश्वसनीय मानली जाते. गावपातळीवरील अधिकाऱ्यांकडून ही माहिती नियमितपणे वर पाठविली जात असे. याच कारणाने टिम डायसन यांच्यासारख्या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १८८१ ते १९८० या शंभर वर्षांच्या अभ्यासासाठी वऱ्हाडची निवड केली. एवढ्या दीर्घ काळाची अशी मालिका भारतात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे.

या नोंदींतून १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांचे भीषण परिणाम स्पष्ट होतात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६० च्या दशकात, वऱ्हाडच्या कापसाला विलक्षण भाव आला आणि त्यानंतर कापसाखालील क्षेत्र वाढत गेले. प्रांत तुलनेने सधन समजला जाई. तरीही ज्वारीचे पीक बुडाले आणि धान्याचे भाव चढले, तेव्हा कापसाच्या पैशाने मजुरांचे संरक्षण झाले नाही. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांत लहान मुलांसाठी वेगळी तरतूद असे. परंतु तेथे प्रश्न जगण्यापुरत्या धान्याचा होता. अंगावर पिणाऱ्या मुलाचा विचार आईच्या वाट्यातच गृहीत धरला जाई.

या कागदपत्रांचे स्वरूप एका अंगाने फार महत्त्वाचे आहे. मूल कोणत्या महिन्यात गेले, तापाने की हगवणीने, हे त्यांत सापडते. मूल जिवंत असताना काय खात होते, हे मात्र सापडत नाही. मृत्यू मोजला गेला. घास मोजला गेला नाही. हा दोष केवळ वसाहतकालीन कारकुनीचा नव्हता. पुढे स्वतंत्र भारतातील पाहण्यांतही तो वेगळ्या रूपाने टिकून राहिला, असे दिसून येईल.

घरातील परंपरा

लेखी नोंद नसली तरी परंपरेत शिशुआहाराचे एक सुसंगत शास्त्र होते. बाळाला बाळगुटी उगाळून देणे, सहाव्या किंवा आठव्या महिन्यात मुलाचे आणि पाचव्या किंवा सातव्या महिन्यात मुलीचे उष्टावण करणे, त्यानंतर मऊ भात, भरडी, ज्वारीच्या कण्या, वरणात किंवा दुधात कुस्करलेली भाकर असा क्रम सर्वपरिचित आहे. उष्टावणाचा काळ आधुनिक वैद्यकाच्या शिफारशीशी बराच जुळतो, ही बाब लक्षणीय आहे. केवळ स्तनपानाचा काळ सहा महिने असावा ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये निश्चित केली. तत्पूर्वी चार ते सहा महिने असे सांगितले जाई. भारताची शिशू व बालआहारविषयक राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००६ मध्ये सुधारण्यात आली.

तथापि परंपरेचे गोडवे गाताना तिच्या उणिवांकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही. प्रसूतीनंतरचे पहिले दूध, म्हणजे चीक, बाळाला न देता पिळून टाकण्याची रीत अनेक घरांत होती. त्याऐवजी मध किंवा गुळाचे पाणी चाटविले जाई. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. मुलाला 'वरणाचे पाणी' देण्याची पद्धत आजही सर्वत्र आढळते. ते पचायला हलके असते हे खरे. परंतु डाळीचा सारा अंश पातेल्याच्या तळाशी राहतो आणि वरचे पाणी मुलाच्या वाट्याला येते. सात किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० मिलिलिटरच मावते. सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान करणाऱ्या मुलाला पूरक आहारातून दररोज सुमारे २०० किलोकॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षी सुमारे ५५० किलोकॅलरी मिळाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. पातळ पदार्थाने पोट भरते आणि मूल शांत होते. गरज मात्र भागत नाही.

यावरचा उपायही परंपरेतच होता. मोड आणून वाळवून दळलेल्या धान्याचे, विशेषतः नाचणीचे, सत्त्व मुलांना देण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. मोड येताना धान्यात जे विकर तयार होते ते पिष्टाचा घट्टपणा कमी करते. म्हणून तेवढ्याच पातळ पेजेत अधिक पीठ सामावते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि पुढे बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात या तत्त्वावर पद्धतशीर संशोधन केले. आजीला जे अनुभवाने ठाऊक होते त्याचे मापन प्रयोगशाळेत झाले. पण तोपर्यंत नगरांतील स्वयंपाकघरात मोड आणून दळण्याइतकी सवड राहिलेली नव्हती.

मुंबई : गिरणी, अफू आणि दूध

नागरी शिशूचा आहार हा सार्वजनिक प्रश्न म्हणून प्रथम मुंबईत उभा राहिला. १९२१ मध्ये मुंबईतील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी ६६६ इतके नोंदले गेले. हा आकडा नंतरच्या लेखनात वारंवार उद्धृत झाला आहे. त्याबाबत सावधगिरी आवश्यक आहे. गिरणीत काम करणाऱ्या अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा देशावर आपल्या गावी जात. जन्म गावी होई आणि मूल मुंबईत आणल्यावर दगावले तर मृत्यू मुंबईत नोंदला जाई. त्यामुळे भाजक लहान आणि भाज्य मोठा होऊन प्रमाण फुगत असे. ही सूट धरूनही चाळीच्या एका खोलीतील अर्भकांची स्थिती अत्यंत शोचनीय होती, यात संशय नाही.

१९२० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई सरकारने स्त्री-कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांची नियुक्ती केली. औद्योगिक कामगार स्त्रियांच्या १०० पैकी ९८ अर्भकांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. 'बाळगोळी' या घरगुती नावाने ती विकली जाई. आई दहा-अकरा तास कामावर, मूल शेजारणीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे. ते रडू नये म्हणून गोळी. अफूने झोपलेले मूल भूक मागत नाही, ही गोष्ट आहाराच्या दृष्टीने अधिक गंभीर होती. यात मातांच्या अज्ञानाला दोष देण्याची वृत्ती तत्कालीन अहवालांत आढळते. वस्तुतः हा प्रश्न आईच्या वेळेचा होता. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने त्याला अंशतः मान्यता दिली. मध्यप्रांतानेही १९३० मध्ये तसा कायदा केला. मात्र हे कायदे कारखान्यांपुरते होते. कारंजा किंवा वाशीमच्या परिसरात कापूस वेचणारी, निंदण-खुरपण करणारी, बाजारात धान्य निवडणारी स्त्री त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने स्तनपानासाठी कामातून दोन विराम दिले आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, तरी असंघटित स्त्रीपर्यंत त्यांपैकी काहीच थेट पोहोचले नाही. तिच्यासाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतील रोख साहाय्य आहे, वेळ नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईने या प्रश्नाला दुधाचे उत्तर शोधले. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात मलईरहित दुधाची भुकटी व पाणी मिसळून 'टोन्ड' दूध तयार करण्याची पद्धत रूढ केली, त्यामुळे तेवढ्याच दुधात अधिक कुटुंबांची गरज भागू लागली. याच काळात म्हशीच्या दुधापासून शिशुआहाराची भुकटी देशातच तयार करण्याचे तंत्र म्हैसूरच्या संस्थेत विकसित झाले आणि १९६० च्या सुमारास 'अमूल'ने ती बाजारात आणली. परदेशी डब्यांवरचे अवलंबन कमी झाले, हे या संशोधनाचे यश. परंतु डबा आणि बाटली ही मध्यमवर्गीय नागरी मातृत्वाची खूण बनली व तिचे अनुकरण कमी उत्पन्नाच्या घरांतही होऊ लागले. तेथे डबा पुरविण्यासाठी भुकटी पातळ केली जाई आणि बाटली उकळण्याइतके इंधन नसे. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्येच सिंगापूर येथील भाषणात या धोक्याचा कठोर शब्दांत निषेध केला होता.

या बाबतीत विदर्भाचे योगदान नोंद घेण्यासारखे आहे. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय संहितेनंतर भारतात स्तनपानाच्या संरक्षणासाठी जी चळवळ उभी राहिली, तिचे राष्ट्रीय जाळे, म्हणजे ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया, ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे स्थापन झाले. पुढच्याच वर्षी शिशू दुग्धपर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांचे उत्पादन, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा कायदा संमत झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अन्नाची जाहिरात या कायद्याने बंद झाली. मात्र त्याच मुलाच्या हाती येणारे बिस्किट व कुरकुरीत पाकीट 'शिशुआहार' म्हणून विकले जात नसल्याने ते या बंदीच्या चौकटीत येत नाही.

कॅलरींचा वाद आणि 'उपभोग-एकक'

१९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी दरडोई २२५० कॅलरी मिळतील इतक्या खर्चाची पातळी हा गरिबीचा निकष मानला. त्यावर पुण्याचेच संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. एकाच निरोगी व्यक्तीची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलत असते, म्हणून सरासरीखाली असणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी हा वाद तीव्र झाला. दोन मराठी विद्वानांमधील हा वाद जागतिक पोषणचर्चेतही गाजला.

या वादाची बौद्धिक उंची निर्विवाद आहे. तथापि दोन्ही पक्षांच्या हिशेबात दीड वर्षाचे मूल स्वतंत्रपणे कोठेच दिसत नाही, ही त्याची मर्यादाही तितकीच खरी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत खर्च कुटुंबाचा मोजला जाई. आहारविषयक पाहण्यांत प्रौढ पुरुषाला एक 'उपभोग-एकक' मानून बालकाला त्याचा अपूर्णांक दिला जाई. घरात पुरेसे धान्य असले म्हणजे मुलाच्या वाटीत पुरेसे अन्न असेल, हे त्यात गृहीत होते. परंतु दीड वर्षाचे मूल धान्याच्या तुटीमुळे जितके उपाशी राहते, त्याहून अधिक वेळा ते भरवायला कोणी नसल्यामुळे, आजारामुळे किंवा अन्न पातळ व एकसुरी असल्यामुळे उपाशी राहते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण संस्थेने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मोलाच्या पाहण्या केल्या, पण त्यांचा भर प्रामुख्याने ग्रामीण भागावर राहिला.

पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत केलेल्या मातृपोषण अभ्यासाने या चर्चेला वेगळे वळण दिले. गरोदर स्त्रीने घेतलेल्या एकूण कॅलरींपेक्षा तिने खाल्लेल्या पालेभाज्या, फळे व दूध यांचा बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी अधिक स्पष्ट संबंध दिसून आला, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदविले आहे. याच कल्पनेची परीक्षा मुंबईच्या वस्त्यांत करण्यात आली. पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनविलेला अल्पोपाहार तेथील स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून देण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता जन्मवजनात ठळक फरक आढळला नाही. गर्भधारणेच्या किमान ९० दिवस आधी आहार सुरू झालेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमने अधिक होते. फरक लहान आहे. तरीही प्रमाणाबरोबर गुणवत्तेचा प्रश्न यामुळे महाराष्ट्राच्या भूमीवरच प्रयोगाच्या पातळीवर आला.

धारणी आणि धारावी

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या पहिल्या प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील धारणी हा आदिवासी आणि मुंबईतील धारावी हा नागरी झोपडपट्टीचा प्रकल्प होता. ही निवड त्या काळाच्या दृष्टीने योग्यच होती. अधिक गरजू तेथे प्रथम, हे तत्त्व नाकारता येणार नाही. परंतु प्रारंभीच्या निवडीने पुढची चौकट निश्चित केली. प्रकल्पांचे ग्रामीण, आदिवासी व नागरी झोपडपट्टी असे तीन प्रकार रूढ झाले आणि लहान नगरपालिका क्षेत्रातील जुने मोहल्ले, गावठाणे व बाजारालगतच्या मजूरवस्त्या यांना या तिन्हींत नैसर्गिक जागा नव्हती.

अंगणवाडीतील पूरक आहाराचाही एक इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील मजुरांनी व मुलांनी परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला आणि सुकडी खाल्ली. त्या पिढीच्या स्मरणात सुकडी हा शब्द दुष्काळाशी कायमचा जोडला गेला. पुढे तीन वर्षांखालील बालकांसाठी घरी नेण्याच्या आहारात शिरा व उपमा यांच्या पाकिटांबरोबर 'सुकडी' हे नाव पुन्हा आले. दुष्काळी कामावरील मजुराच्या शिध्याचे नाव दोन वर्षांच्या मुलाच्या आहाराला मिळावे, हा योगायोग पाहणाऱ्याला अस्वस्थ करतो. सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या याचिकेत २८ नोव्हेंबर २००१ रोजी आणि पुन्हा १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेल्या आदेशांनी अंगणवाडीची सेवा सार्वत्रिक करण्याचे बंधन शासनावर घातले. २००९ मध्ये बालकासाठीचे प्रमाण दररोज ३०० वरून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे वाढविण्यात आले. मात्र घरी नेलेले पाकीट घरातील सर्वांच्या ताटात वाटले जाते, हे अंगणवाडी सेविकांना पूर्वीपासून ठाऊक होते.

चौकटीचा परिणाम नंतरच्या योजनांतही स्पष्ट दिसतो. तीव्र कुपोषित मुलांसाठी गावपातळीवर जी केंद्रे उभारण्यात आली त्यांचे नावच 'ग्राम बाल विकास केंद्र' असे होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मातांना चौरस आहार आणि पुढे बालकांना अंडी किंवा केळी मिळू लागली. ती योजना आदिवासी क्षेत्रापुरती होती. धारणीच्या मुलाला अंडे मिळाले हे स्वागतार्हच. त्याच महसूल विभागातील मंगरूळपीरच्या मजूरवस्तीतील मुलाची अंड्याची गरज मात्र कमी झालेली नव्हती. २०१३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने ५० हजारांहून अधिक लोकसंख्येची शहरे व जिल्हा मुख्यालये यांचा समावेश केला. रिसोड आणि मंगरूळपीर ही नगरे त्या मर्यादेखाली राहिली व ग्रामीण आरोग्यव्यवस्थेच्याच आधारावर चालली.

सोयाबीनचा जिल्हा, मुलाचे ताट

वाशीमच्या शेतीत १९९० च्या दशकापासून घडलेला बदल या विषयाशी निकटचा आहे. ज्वारी आणि कापूस यांची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. जिल्हा आज सोयाबीनच्या उत्पादनासाठी ओळखला जातो. प्रथिनांनी समृद्ध असे हे पीक तेलगिरणीत जाते आणि त्याची पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात. मुलाच्या वाटीत ते क्वचितच येते. ज्वारीच्या ओळीत पूर्वी मूग, उडीद, तूर ही आंतरपिके असत; त्यांचा घरखाण्यापुरता वाटा घरात राही आणि नगरातील नातलगांकडेही पोहोचे. सोयाबीनचे पीक मात्र थेट बाजार समितीत जाते. दुसरीकडे स्वस्त धान्य दुकानातून गहू व तांदूळ मिळू लागला आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क पक्का झाला. पोट भरण्याची हमी वाढली, हे निर्विवाद. त्याच वेळी भाकरीची जागा पोळीने व भाताने घेतली आणि डाळ महाग राहिली.

नगरातील मुलाच्या बाबतीत आणखी एक बदल झाला. चहात बुडविलेले बिस्किट किंवा टोस्ट हे कामावर जाणाऱ्या आईचे सर्वात सोपे साधन बनले. ते मऊ असते, स्वस्त असते, मूल आवडीने खाते. आणि त्यानंतर जेवणाची भूक उरत नाही. दुधाचेही तसेच आहे. दुसऱ्या वर्षी मूल केवळ दुधावर राहिले तर त्याला ऊर्जा मिळते, पण दुधात लोह अत्यल्प असते. जन्मतः असलेला लोहाचा साठा साधारण सहाव्या महिन्यापर्यंतच पुरतो.

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने याविषयी अनपेक्षित माहिती पुढे आणली. एक ते चार वर्षांच्या मुलांत लोहाच्या कमतरतेचे प्रमाण ग्रामीण भागात सुमारे २९ टक्के, तर नागरी भागात सुमारे ४१ टक्के आढळले. नगरातील मूल अधिक सधन घरातील, दवाखान्याच्या जवळचे, तरीही लोहाच्या बाबतीत अधिक दरिद्री. मिलमध्ये कांडलेला तांदूळ, चाळलेले पीठ, दुधावरचा भर आणि पाकीटबंद खाऊ ही त्याची संभाव्य कारणे मानता येतील. त्यांपैकी कोणते प्रमुख, हे निश्चित करण्यास स्थानिक अभ्यास हवेत.

मोजण्याची नवी रीत

मुलाचा घास प्रत्यक्ष मोजण्याची रीत रूढ होण्यास २००८ साल उजाडले. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी सोपे निर्देशक निश्चित केले. आदल्या दिवशी मुलाने सात अन्नगटांपैकी किमान चार गटांतील पदार्थ खाल्ले काय आणि वयानुसार किमान वेळा खाल्ले काय, असे दोन प्रश्न. पुढे स्तन्याचा स्वतंत्र गट धरून आठांपैकी पाच असा निकष झाला. दोन्ही अटी पुऱ्या होतील तो 'किमान स्वीकार्य आहार'.

या मोजपट्टीने महाराष्ट्राच्या यशकथेची दुसरी बाजू उघड केली. २००५ मध्ये सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनच्या काळात राज्याने उल्लेखनीय प्रगती केली. दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणाचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये २३ टक्क्यांवर आले. देशभर या घटीचा गौरव झाला आणि तो रास्त होता. परंतु २०१२ च्या त्याच पाहणीत किमान स्वीकार्य आहार मिळणारी मुले केवळ ७ टक्के होती. म्हणजे खुजेपणातील घट लसीकरण, प्रसूतीसेवा, मातांचे शिक्षण, उत्पन्न अशा अनेक मार्गांनी झाली असावी. मुलाचे ताट फारसे बदलले नव्हते. त्यानंतरच्या व्यापक राष्ट्रीय सर्वेक्षणात हे प्रमाण देशासाठी ६.४ आणि महाराष्ट्रासाठी २.२ टक्के इतके खाली आढळले. पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने हे आकडे एकमेकांपुढे ठेवून घसरण झाली असे म्हणणे उचित नाही. मात्र कोणत्याही पाहणीत दहांपैकी नऊ मुलांना हा किमान आहार मिळत नव्हता. पाच वर्षांखालील मुलांतील खुजेपणाचे प्रमाणही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, ३४.४ टक्के आणि पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ३५.२ टक्के असे जवळजवळ स्थिर राहिले. जेथे उंची वाढण्याचा वेग आहाराच्या गुणवत्तेशी येऊन अडतो त्या टप्प्यावर राज्य आले असावे, असा तर्क यावरून करता येतो.

जानेवारी २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव, आणि वाशीम असे चार जिल्हे त्यात निवडले गेले. आरोग्य व पोषण या विभागाला एकूण गुणांपैकी ३० टक्के भार असून त्याच्या निर्देशकांत जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बालके आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या वयात पुरेसा आहार मिळणारी बालके यांचा समावेश आहे. ज्या प्रांतात शतकभर बालकाचा केवळ मृत्यू लिहिला गेला, तेथे त्याच्या आदल्या दिवशीच्या जेवणाला प्रथमच प्रशासकीय अंकाचे मूल्य प्राप्त झाले. त्याच वर्षी ८ मार्च रोजी राष्ट्रीय पोषण अभियान सुरू झाले आणि २०२१ पासून अंगणवाडीतील वजन-उंचीची नोंद 'पोषण ट्रॅकर' या मोबाईल प्रणालीवर होऊ लागली.

असे असूनही वाशीम नगरातील मुलाचा शोध घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकासमोर अडचण उरतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीच्या जिल्हा पत्रकात नागरी व ग्रामीण असे वेगळे स्तंभ नाहीत. सहा ते तेवीस महिन्यांची मुले जिल्ह्याच्या नमुन्यात मुळातच थोडी. त्यांतील स्तनपान थांबलेली त्याहून थोडी. बहुसंख्य ग्रामीण जिल्ह्याच्या एकाच आकड्यात कारंज्याच्या बाजारपेठेतील आणि वाशीमच्या जुन्या वस्तीतील मूल मिसळून जाते. पोषण ट्रॅकरवर वजन, उंची आणि दिलेल्या शिध्याची नोंद होते. वाटीतील वरण पातळ होते की दाट, आणि ते कोणी भरविले, यासाठी त्यात रकाना नाही.